जुनी कॉमिक्स टपालाने मागवताय? आधी पैसे, मग पाकीट... मधला धोका कोणाचा?

कधीकाळी ६० पैशांना मिळणारा ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा अंक आज संग्राहक शोधत फिरतात. वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर, चाचा चौधरी, नागराज, ध्रुव ही नावे ऐकून वाढलेली पिढी आता कमावती झाली आहे आणि लहानपणी रद्दीत गेलेले अंक पुन्हा विकत घेते आहे. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड अशा ठिकाणच्या खरेदीदाराला हे अंक गाठायचा मार्ग बहुधा एकच असतो. मोबाइलवर फोटो पाहायचा, यूपीआयने पैसे पाठवायचे आणि पाकिटाची वाट पाहायची. अंक न बघता पैसे द्यावे लागतात आणि विकणारा अनोळखी असतो. वस्तूही अशी की एक घडी पडली तरी किंमत उतरते. त्यामुळे पैसे पाठवण्याआधी काय विचारायचे, पाकीट कसे यायला हवे आणि फसवणूक झाली तर कुठे जायचे, हे माहीत असायला हवे.

कोणत्या कॉमिक्सना मागणी असते?

सर्वांत आधी नाव येते ते इंद्रजालचे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिला अंक वेताळाचा होता. सुरुवातीला मासिक, पुढे पाक्षिक आणि नंतर साप्ताहिक असा प्रवास करत १९९० मध्ये ती बंद झाली, तोवर ८०० हून अधिक अंक निघाले होते. इंग्रजी, हिंदीबरोबर मराठीतही अंक निघत. ली फॉक यांचे वेताळ आणि मॅन्ड्रेक परदेशी होते. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये आणलेला बहादूर मात्र अस्सल इथला.

दुसरे नाव ‘अमर चित्र कथा’चे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेचे अंक मराठीतही आले. तिसरा मोठा गट हिंदी कॉमिक्सचा आहे. १९७८ मध्ये सुरू झालेल्या डायमंड कॉमिक्समुळे प्राण यांचा चाचा चौधरी घरोघरी पोहोचला, तर राज कॉमिक्सने १९८६ मध्ये नागराज आणि १९८७ मध्ये सुपर कमांडो ध्रुव आणला. विदर्भात हिंदी सहज वाचली जाते, त्यामुळे इथल्या वाचकाच्या आठवणीत मराठी वेताळ आणि हिंदी नागराज शेजारी शेजारी असतात.

कॉमिक्स टपालाने मागवणे नवे आहे का?

अजिबात नाही. व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘व्ही.पी.’, ही सोय भारतात १८७७ पासून आहे. पोस्टमन पाकीट घेऊन दारात येई, पैसे घेई आणि ते पैसे टपाल खाते पाठवणाऱ्याला पोहोचवी. डायमंड कॉमिक्सचा ‘अंकुर बाल बुक क्लब’ याच पद्धतीवर चालत असे. सदस्य झालेल्या मुलाला नवे अंक घरबसल्या व्ही.पी.ने मिळत. बुक स्टॉल नसलेल्या गावातल्या मुलांसाठी ती मोठी सोय होती.

व्ही.पी.तही पाकीट फोडण्याआधीच पैसे द्यावे लागत, म्हणजे ती पद्धत निर्धोक होती असे नाही. पण पाकीट दारात आल्याशिवाय पैसे हातचे जात नसत आणि व्यवहाराची नोंद टपाल खात्याकडे राही. आज संग्राहकांच्या व्यवहारात क्रम उलटला आहे. पैसे आधी जातात, पाकीट नंतर निघते. मधले आठ-दहा दिवस सगळा धोका पैसे देणाऱ्याच्या डोक्यावर असतो.

तोच अंक एकाला रद्दी आणि दुसऱ्याला संग्राह्य का?

फरक अवस्थेचा असतो. कॉमिक्स स्वस्त कागदावर छापली जात. अशा कागदातील लिग्निन हा घटक हवा आणि उजेडामुळे बदलतो, कागद पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. त्यात यवतमाळचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जाणारा आणि पावसाळा दमट. दमट हवेत स्टेपलच्या पिना गंजतात आणि गंजाचा तांबूस डाग मधल्या पानांवर उतरतो. कसर आणि वाळवी उरलेले काम करतात.

माणसांनी केलेले नुकसान वेगळे. घरोघरी दहा-वीस अंक एकत्र शिवून बाइंडिंग करण्याची पद्धत होती. अंक टिकले ते त्यामुळेच, पण बाइंडरने कडा कापल्या, कण्यात भोके पाडली आणि कधी मुखपृष्ठेही काढून टाकली. भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानांनी शिक्के मारले आणि जाड टाके घातले. मुलांनी नाव लिहिले, कोडी सोडवली, कूपन कापले. वाचायला असा अंक उत्तमच, पण संग्राहक त्याला ‘रीडिंग कॉपी’ म्हणतात आणि किंमत त्याच हिशेबाने देतात.

परदेशात ही अवस्था मोजणाऱ्या कंपन्याच आहेत. अमेरिकेतील ‘सीजीसी’ २००० पासून अंक तपासून १० पैकी गुण देते आणि तो प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते. सुपरमॅनचे पदार्पण असलेला १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ तेव्हा १० सेंटला विकला गेला होता. त्याची ८.५ गुण मिळालेली एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. आपल्याकडच्या बहुतेक व्यवहारांत असा तटस्थ परीक्षक नसतो. विकणारा ‘एकदम मस्त कंडिशन’ म्हणतो आणि घेणारा फोटोवर विश्वास ठेवतो. बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

मूळ अंक आणि पुनर्मुद्रण कसे ओळखायचे?

मुखपृष्ठ पाहून ओळखता येईलच असे नाही. आतले पान पाहावे लागते. प्रकाशकाचा पत्ता, छापखान्याचे नाव, तारीख आणि छापील किंमत यांचा फोटो मागवावा. ‘अमर चित्र कथा’चे उदाहरण घ्या. ‘कृष्ण’ हा अंक मूळ मालिकेत ११ व्या क्रमांकाचा आहे. पुढे नव्या रूपातल्या आवृत्त्यांचे क्रमांक ५०१ पासून सुरू झाले आणि त्यात ‘कृष्ण’ ५०१ झाला. गोष्ट तीच, पण संग्राहकाच्या लेखी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवाय ११ क्रमांकाच्याही अनेक आवृत्त्या निघाल्या, म्हणून छापील किंमत पाहणे महत्त्वाचे. किंमत जितकी कमी, तितकी आवृत्ती जुनी असण्याची शक्यता जास्त.

राज कॉमिक्सच्या जुन्या अंकांचीही पुनर्मुद्रणे निघाली आहेत. पुनर्मुद्रण घेण्यात काहीच गैर नाही. गोष्ट वाचायची असेल तर तोच स्वस्त आणि मस्त पर्याय आहे. फक्त ते मूळ अंकाच्या भावाने घेऊ नये.

तिसरा प्रकार त्रासाचा आहे. जुना अंक स्कॅन करायचा, रंगीत प्रिंट काढायची आणि मूळ म्हणून विकायचा. अशा प्रतीचा कागद पांढराशुभ्र किंवा गुळगुळीत असतो, पिना चकचकीत असतात आणि जुन्या छपाईतले रंगांचे बारीक ठिपके अस्पष्ट दिसतात. परवानगीशिवाय केलेली अशी छपाई हा कॉपीराइटचाही भंग आहे.

भाव ठरतो कसा?

छापील भावपत्रक नाही. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत मोठे अंतर असते. एखाद्याने अंकाला पाच हजार मागितले म्हणजे तो पाच हजारांचा झाला नाही. कोणी त्या भावात घेतला का, हे पाहायला हवे. ऑनलाइन लिलावांत विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती वेगळ्या पाहता येतात. अवस्था सारखी असलेल्या तीन-चार विक्रींची तुलना केली की साधारण अंदाज येतो.

मालिकेतले सुरुवातीचे अंक, एखाद्या पात्राचे पदार्पण, सोबत मिळालेले स्टिकर किंवा कार्ड शाबूत असणे यांनी भाव वाढतो. मराठी आवृत्तीचा मामला थोडा वेगळा. शोधणारे कमी असतात, पण उपलब्ध प्रतीही कमीच. त्यामुळे इंग्रजी अंकाचा भाव पाहून मराठी अंकाची किंमत ठरवणे चुकीचे ठरते.

पैसे पाठवण्याआधी काय विचारायचे?

पहिली मागणी ताज्या फोटोंची. अंकाशेजारी खरेदीदाराचे नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढायला सांगावा. दुसऱ्याच्या अंकाचा फोटो उचलून विकणारा बहुधा इथेच गळतो. मुखपृष्ठ, मागचे पान, कणा, मधल्या पिना आणि प्रकाशकाचा मजकूर असलेले पान असे किमान पाच फोटो हवेत. पाने मोजून सांगायला लावावीत. ‘सगळी पाने आहेत’ हे वाक्य लेखी मागावे.

दुसरी गोष्ट पैशांची. यूपीआयवर दिसणारे नाव आणि विक्रेत्याने सांगितलेले नाव एकच आहे का, ते पाहावे. ‘भावाचा नंबर आहे’, ‘मित्राच्या खात्यात टाका’ असे उत्तर आले तर थांबावे. यूपीआयने गेलेले पैसे ‘कॅन्सल’ करण्याची सोय नसते. पहिला व्यवहार छोटा ठेवावा. एकदम ४० अंकांचा गठ्ठा घेण्याऐवजी आधी दोन-तीन अंक मागवावेत. मोठ्या रकमेत अर्धे पैसे आधी आणि अर्धे टपालाची पावती दाखवल्यावर, असे ठरवता येते. प्रामाणिक विक्रेता याला सहसा नाही म्हणत नाही, कारण त्यालाही गिऱ्हाईक टिकवायचे असते.

तिसरे, सगळे बोलणे लेखी हवे. फोनवर ठरले तरी ‘अमुक अंक, अमुक अवस्था, इतकी रक्कम, इतक्या दिवसांत रवाना’ असा एक संदेश पाठवून त्यावर ‘हो’ घ्यावे. पुढे तक्रारीची वेळ आली तर हाच पुरावा ठरतो.

टपाल बरे की कुरिअर?

पत्ता कुठला आहे, यावर ते ठरते. यवतमाळ शहरात दोन्ही चालतात. झरी जामणी, मारेगाव, महागाव किंवा घाटंजी तालुक्यातल्या गावात मात्र खासगी कुरिअर अनेकदा तालुक्याच्या ठिकाणी थांबते आणि ‘येऊन घेऊन जा’ असा फोन येतो. टपाल खात्याची शाखा कार्यालये आणि ग्रामीण डाक सेवक गावापर्यंत पोहोचतात. पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा, मोबाइल क्रमांक आणि बरोबर पिनकोड हवा. यवतमाळ शहराचा ४४५००१, पुसदचा ४४५२०४ आणि वणीचा ४४५३०४. शेवटचे तीन आकडे चुकले की पाकीट दुसऱ्या तालुक्याची वारी करून येते.

टपालाचे नियम अलीकडे बदलले आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून कागदपत्रांसाठीच्या स्पीड पोस्टचे नवे दर आले. त्यात ५ रुपये आणि जीएसटी जादा भरून नोंदणीची सोय घेता येते, म्हणजे पाकीट पत्त्यावरच्या व्यक्तीच्याच किंवा तिने नेमलेल्या माणसाच्या हाती दिले जाते. ओटीपी सांगितल्यावरच पाकीट देण्याची सोयही ५ रुपये आणि जीएसटीत आहे. हजार-दोन हजारांच्या अंकासाठी हा खर्च नगण्य आहे.

पुस्तकांसाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये, असे तिचे दर कराशिवाय जाहीर झाले. पाकिटाचा माग घेता येतो, पण ते रस्ता-रेल्वेने जाते, त्यामुळे वेळ लागतो. सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. नियतकालिके आणि जाहिराती असलेले छापील साहित्य तिच्यात बसत नाही. म्हणजे साप्ताहिक म्हणून निघालेला, जाहिराती असलेला इंद्रजालचा अंक या सेवेत पाठवणे नियमाला धरून होणार नाही. पौराणिक-ऐतिहासिक विषयावरच्या पुस्तकरूपातील चित्रकथेबाबत पाठवणाऱ्याने काउंटरवर आधी विचारलेले बरे.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पाकीट हरवले तर साध्या स्पीड पोस्टमध्ये मिळणारी भरपाई मर्यादित असते. अंकाचा संग्राहकी भाव त्यात धरला जात नाही. महागड्या अंकासाठी विमा उतरवूनच पाकीट पाठवायला सांगावे आणि तो खर्च कोण करणार, हे आधीच ठरवावे.

पॅकिंग कसे असावे?

अंक खराब होण्याची दोन मुख्य कारणे आहेत, घडी आणि पाणी. चांगले पॅकिंग असे असते. अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि पिशवीचे तोंड बंद करायचे. चिकटपट्टी पिशवीच्या मागच्या बाजूला लावायची, नाहीतर काढताना ती मुखपृष्ठाला चिकटते. मग अंकापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठे असे दोन कडक पुठ्ठे घेऊन अंक मध्ये ठेवायचा. पुठ्ठ्याच्या नळ्या एकाला उभ्या आणि दुसऱ्याला आडव्या असल्या की पाकीट कोणत्याच दिशेने वाकत नाही. वरून बबल रॅप, त्यावर जाड कागद आणि पत्त्यावर पारदर्शक टेप.

अंक गुंडाळी करून नळीत घालणे, नुसत्या कागदी पाकिटात पाठवणे किंवा गठ्ठ्याला सुतळी आवळणे, हे तीन प्रकार टाळायलाच हवेत. सुतळीची खूण कडेवर कायमची राहते. जून ते सप्टेंबर या काळात पाण्यापासून बचावाचे आवरण आतून आणि बाहेरून असे दुहेरी हवे. पॅकिंगचा फोटो पाकीट बंद करण्याआधी मागवावा.

पाकीट हातात आल्यावर काय करायचे?

फोडण्याआधी चारही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि फोडताना न थांबता एकच व्हिडिओ करावा. पत्त्याचे लेबल त्यात स्पष्ट दिसायला हवे. टपालाच्या पावतीवर वजन लिहिलेले असते. दहा अंकांचे म्हणून सांगितलेले पाकीट पावतीवर शंभर-दीडशे ग्रॅमचे निघाले तर काहीतरी गडबड आहे. विक्रेत्याकडून पावतीचा फोटो आला की त्याच दिवशी वजन पाहावे. पाकीट फाटलेले किंवा भिजलेले असेल तर टपाल कार्यालयातच ते दाखवून नोंद करून घ्यावी.

फसवणूक झाली तर कुठे जायचे?

पैसे घेऊन विक्रेता गायब झाला असेल तर वेळ दवडू नये. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसंबंधी आहे.

विक्रेता व्यावसायिक असेल आणि चुकीची किंवा खराब वस्तू पाठवली असेल तर ग्राहक कायदा उपयोगी पडतो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी वणीचा ग्राहक यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू शकतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही करता येते.

मात्र विकणारा हौशी संग्राहक असेल आणि त्याने स्वतःकडचा एखादा अंक विकला असेल, तर तो ‘व्यापारी’ ठरेलच असे नाही. अशा व्यवहारात ग्राहक कायद्याचे छत्र मिळणे कठीण जाते. संग्राहकांचे बरेच व्यवहार याच प्रकारचे असतात, म्हणून तारखेची चिठ्ठी, लेखी संदेश आणि पावतीचा फोटो यांना एवढे महत्त्व.

परदेशातून मागवता येतात का?

येतात, पण हिशेब वेगळा. परदेशी टपाल सीमाशुल्क तपासणीतून जाते आणि लागू झालेले शुल्क पाकीट घेताना भरावे लागते. अंकाची किंमत, तिकडचा टपालखर्च, चलनाचा दर आणि शुल्क मिळून अनेकदा मूळ किमतीच्या दुपटीपर्यंत खर्च जाऊ शकतो. ‘गिफ्ट’ लिहून पाठवा, असे विक्रेत्याला सांगणे म्हणजे खोटी घोषणा करायला लावणे. त्यातून पाकीट अडकू शकते.

घरात जुने अंक असतील तर?

आधी रद्दीवाल्याला थांबवावे. जिल्ह्यातल्या अनेक वाड्यांत, माळ्यांवर आणि पत्र्याच्या पेट्यांत असे गठ्ठे पडून असू शकतात आणि दिवाळीच्या साफसफाईत ते किलोच्या भावाने जातात. विकायचे असोत वा नसोत, आधी यादी करावी. मालिका, भाषा, क्रमांक, छापील किंमत आणि अवस्था, एवढे पुरेसे आहे. बाइंडिंग असेल तर ते उसवू नये, कारण उसवताना पाने फाटतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, काही वर्षांत त्याचा तपकिरी डाग पडतो. ऊन दाखवायचेच असेल तर सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. नंतर अंक आडवे, प्लॅस्टिकमध्ये आणि जमिनीपासून उंच ठेवावेत.

विकताना धोका विक्रेत्यालाही असतो. ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर संभाषण तिथेच संपवावे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट आला तरी आपल्या बँक खात्यात रक्कम दिसल्याशिवाय पाकीट टपालात टाकू नये.